एक स्टड तुटला, शेजारच्याचे आटे गेले: वेल्डिंग करायचं, हब बदलायचा की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॅगन आर, पुढचं डावं चाक. टायरची अदलाबदल करून घेतल्यानंतर काही आठवड्यांनी हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागलं. चाक खोलायला गेलात तर चारातला एक स्टड (ज्यावर चाकाचा नट चढतो तो आट्यांचा दांडा) मुळापासून गेलेला, आणि शेजारचा नट अर्ध्यावर अडकला तो आटे सोलूनच बाहेर आला. टायरवाला म्हणतो, "साहेब, बोल्ट वेल्ड करून देतो, दहा मिनिटांचं काम." गॅरेजवाला म्हणतो, अख्खा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग, बदला. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकू?

माझं उत्तर: दोघांचंही नाही. स्टड हा बदलण्यासाठीच केलेला भाग आहे. तो हबच्या फ्लँजमध्ये, म्हणजे पुढच्या गोल चकतीत, मागून दाबून बसवलेला असतो, डोक्याखालच्या दात्यांनी भोकात घट्ट धरलेला असतो आणि ठोकून किंवा दाबून बाहेर काढता येतो. हब शाबूत असेल तर हब बदलायचं कारण नाही. वेल्डिंगचं मात्र नावही काढू नका, ते का हे पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. चारातले दोनच नट धड असताना गाडी हलवू नका, "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" म्हणूनही नाही. स्टेपनी लावून काही होत नाही, कारण बिघाड चाकात नसून हबमध्ये आहे. पाच स्टडच्या गाडीत एक गेला तर बाकीचे नीट आवळून तीस-चाळीसच्या वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, चारातला एक गेला तर अगदीच जवळ असेल तरच. दोन गेले की मेकॅनिकला घरी बोलवायचं, नाहीतर गाडी टो करून न्यायची.

आता मूळ मुद्दा, कारण नुसता स्टड बदलून तुमची कटकट संपणार नाही. बहुतेकांना वाटतं, चाक स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने रिम ब्रेकच्या डिस्कवर व डिस्क हबवर दाबली जाते. गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, खड्ड्याचा धक्का हे सगळं त्या दाबलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण झेलतं. 12 मिलिमीटरच्या स्टडचा नट कोरड्या आट्यांवर 100 न्यूटन-मीटरला (आवळण्याचा जोर मोजायचं माप) आवळला तर तो एकटा साधारण चार टनांच्या जोराने रिम दाबून धरतो. चार स्टड म्हणजे सोळा टन. हा दाब आहे तोवर स्टडला बाजूने जवळपास काहीच सोसावं लागत नाही.

दाब गेला की गणित उलटतं. रिम हबवर केसभर सरकायला लागते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. तुमच्या मापाच्या टायरला एका किलोमीटरला साधारण साडेपाचशे ते सहाशे फेरे पडतात. मुंबई-पुणे एकदा जाऊन आलात तर एक लाखाहून जास्त वेळा एखादी तार इकडे-तिकडे वाकवल्यासारखं झालं. लोखंड कितीही चांगलं असलं तरी त्याला थकवा येतोच.

म्हणून तुटलेला तुकडा फेकू नका, उन्हात धरून तुटलेलं तोंड बघा. बराचसा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकाआड एक वक्र रेषा, आणि कडेला छोटासा खडबडीत करडा डाग दिसला तर तो थकव्याने तुटलेला आहे. म्हणजे नट बऱ्याच दिवसांपासून सैल होता, चीर हळूहळू वाढत गेली आणि उरलेली चकती शेवटी एकदम सुटली. याउलट स्टड मध्येच बारीक होऊन, पिळवटून तुटला असेल, तोंड सगळीकडून सारखं खरबरीत असेल, तर तो आवळताना मेलेला आहे. तुमच्या वर्णनातली थरथर बघता पहिला थकव्याने गेला असावा. दुसऱ्याचं कारण निराळं दिसतं: नट तिरपा चढवला आणि हवेच्या गनने दामटला.

हवेच्या गनबद्दल माझं मत सगळ्या टायरवाल्यांना माहीत आहे. नट काढायला ती उत्तम, बसवायला वाईट. स्टडच्या डोक्यावर किंवा पॅकिंगवर 10.9 असा दर्जा लिहिलेला असतो. त्यातला 10 म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला साधारण 1000 न्यूटनपर्यंत न तुटणं, आणि .9 म्हणजे त्याच्या नव्वद टक्क्यांवर तो कायमचा ताणायला लागणं. 12 मिलिमीटरच्या स्टडसाठी हिशेब केला तर कोरड्या, स्वच्छ आट्यांवर साधारण 200 न्यूटन-मीटरच्या आसपास स्टडची लांबी कायमची वाढायला लागते. दुकानातली चांगली गन याच्या दुप्पट जोर सहज लावते. गनवाल्याने "टर्र" आवाज येईपर्यंत धरून ठेवलं की तुमचा स्टड वरून धडधाकट, आतून ओढलेला. असा स्टड नंतर पुरेसा दाब देत नाही, आणि तिथून वरची सगळी गोष्ट सुरू होते.

हाताने काम करणारेही कमी नाहीत. गाडीसोबत येणारा एल पाना साधारण फूटभराचा असतो. सत्तर किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला तर झाले एकवीस किलोग्रॅम-मीटर, म्हणजे 200 न्यूटन-मीटरच्या वर. उडी मारली तर विचारूच नका. एक मीटरचा पाईप अडकवून आवळणारे भेटतात, त्यांच्यापुढे मी हात टेकले आहेत.

तर आता काम. एकच स्टड गेला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांसकट तीन बदला. दोन गेले असतील, जसे तुमचे, तर त्या चाकाचे चारही बदला. उरलेले दोन बाहेरून ठीक दिसतील, पण पहिला तुटल्यापासून त्यांनी त्याचा वाटा उचललेला आहे. स्टड स्वस्त मिळतात, वाचवण्यासारखं काही नाही. नटही चारही नवे घ्या.

दुकानात जाताना जुना स्टड हातात घेऊन जा, "वॅगन आरचा द्या" एवढ्यावर भागत नाही. आट्यांचं माप आधी. मारुतीच्या गाड्यांना 12 मिलिमीटरला 1.25 चे (म्हणजे एका आट्यापासून पुढच्यापर्यंत 1.25 मिलिमीटर) बारीक आटे असतात. ह्युंदाई, होंडा, टोयोटाला 12 ला 1.5 चे. दोन्हींचा व्यास तोच, म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर दीड-दोन फेरे चढतो आणि मग अडकतो. अशा वेळी हाताला कळतं, गनला कळत नाही. ती नवे आटे पाडत आत जाते. टायरवाल्याकडे डब्यात सगळ्या गाड्यांचे नट एकत्र पडलेले असतात. तुमचा दुसरा स्टड असाच गेला असला तरी मला नवल वाटणार नाही. तुमच्या चारही नटांचे आटे एकमेकांशी ताडून बघा.

आट्यांनंतर दात्यांच्या भागाचा व्यास व्हर्नियरने मोजा, जुना आणि नवा दोन्ही. इथे मिलिमीटरचा दहावा भागही महत्त्वाचा. बारीक असला तर स्टड भोकात नुसता फिरेल, जाड असला तर फ्लँजला चीर पाडेल. मग दात्यांची लांबी, डोक्याची जाडी आणि एकूण लांबी. बाजारात नकली माल भरपूर आहे. स्टडवर दर्जा नाही, पॅकिंगवर कंपनीचं नाव नाही, तर शंभर रुपये वाचवायला जाऊ नका.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. उरलेले नट चाक जमिनीवर असतानाच पाऊण फेरा सैल करा. मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. जॅकवरच्या गाडीत हबवर ठोकाठोक करायची नसते, यात वाद नाही.

चाक काढलं की कॅलिपर, म्हणजे डिस्कला धरणारा ब्रेकचा भाग. मागून दोन बोल्ट काढून ब्रॅकेटसकट कॅलिपर बाहेर घ्या आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी पाईपवर लोंबकळू देऊ नका. एबीएस असेल तर सेन्सरची वायर ताणली जात नाही ना ते बघा. डिस्क गंजाने चिकटलेली असते. तिच्यावर बहुधा आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट घालून आलटून-पालटून थोडे थोडे आवळले की ती आपोआप पुढे येते. कोकणातल्या गाड्यांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवावं लागतं, खाऱ्या हवेत डिस्क आणि हब एकजीव होतात. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागच्या बाजूला बोल्टने धरलेली असते, तिथे हे जमत नाही आणि हब काढण्यावाचून इलाज राहत नाही.

आता स्टड बाहेर काढायचा. हातोड्याने ठोकणं हा सगळ्यांचा मार्ग आहे, पण तो प्रत्येक दणका बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो. गोळ्या आपल्या मार्गावर बारीक खळगे पाडतात, आणि महिन्याभरात चाकातून हूं-हूं आवाज सुरू होतो. त्यामुळे माझी पसंती दाबून काढण्याला: मजबूत सी-क्लँप किंवा बॉलजॉइंट काढायचा पुलर लावा, स्टडच्या टोकावर जोर द्या, तो मागे सरकतो. अगदीच हलेना तर पितळी पोगर (ठोकायचा दांडा) ठेवून दोन-तीन सरळ, नेमके फटके. वीस नाही. हलत नसेल तर थांबा.

स्टड मागे बाहेर पडायला जागा हवी. हब हाताने फिरवत जा, नकलमध्ये (हब ज्यात बसतो तो मागचा लोखंडी भाग) किंवा मागच्या पत्र्यात कुठेतरी अशी जागा सापडते की जिथून जुना स्टड निघतो आणि नवा आत जातो. पत्रा अडत असेल तर त्याची कड किंचित वाकवता येते. नकल कापू नका आणि स्टडचं डोकं घासून बारीक करू नका; डोक्याची एक बाजू उडवून स्टड तिरपा सरकवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. जागा नसेलच तर हब बाहेर काढावा लागतो, आणि ज्या गाड्यांत बेअरिंग प्रेसने बसवलेलं असतं तिथे हब ओढताना बेअरिंगची आतली रिंग हबवरच अडकून येते. ते बेअरिंग मग नवंच घालायचं. तुमचा गॅरेजवाला हबचं म्हणतोय त्याच्या मागे हे असू शकतं. त्याला सरळ विचारा: "स्टड मागून निघत नाही म्हणून हब काढताय, की हबच खराब आहे?" उत्तरावरून माणूस कळेल.

तुमचा तुटलेला स्टड सोपा आहे, त्यावर नट नाही. छळणारा प्रकार तिसराच असतो: नट अडकलेला आणि पान्याबरोबर अख्खा स्टड भोकात फिरतोय. चाक निघत नाही, मागे हात पोचत नाही. स्टीलच्या रिमला छिन्नीने नट फोडता येतो किंवा ग्राइंडरने कापता येतो. अलॉयच्या खोल भोकात नट बसलेला असेल तर स्टडच्या मधोमध ड्रिल मारत, भोक मोठं करत जायचं, संयमाचं काम आहे. मागून डोकं दिसत असेल तर त्याला वेल्डिंगचा एक टाका मारून स्टड फ्लँजशी पकडायचा आणि नट सोडवायचा. वेल्डिंग चालतं ते एवढंच, कारण तो स्टड लगेच फेकायचा असतो. तेही बॅटरी सोडून, आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर हबवरच लावून. बॉडीला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो.

टायरवाल्याच्या वेल्डिंगचं उत्तर इथे देऊन टाकतो. 10.9 चा स्टड उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया त्या जागी मोडते. टाक्याच्या कडेला तो कुठे ठिसूळ, कुठे मऊ होतो, आणि नेमका तिथेच सगळा ताण येतो. वरून फ्लँजही तापून वाकू शकते, मग चाक डगमगतं. दहा मिनिटांत होतं हे मात्र त्याचं खरं आहे.

जुना निघाला की भोक पुसून आत बघा. दात्यांच्या खुणा स्पष्ट, कडा शाबूत, चीर नाही, तर हब चांगला. फ्लँजचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नवा स्टड मागून घाला आणि बोटांनी हळूच फिरवत त्याचे दाते जुन्या खाचांत बसतात का ते बघा. बसले की हाताला एक बारीकसा "कट" लागतो. तिथून पुढे तो हाताने जाता कामा नये. हातानेच पूर्ण आत गेला तर भोक सैल झालंय, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं: हब बदला.

प्रेस असेल तर मागून दाबून बसवणं सगळ्यात चांगलं. घरी करताना ओढून बसवतात. स्टडवर जाड वायसरची चळत चढवा, वायसरच्या मध्ये थोडं ग्रीस, आणि वरून एक जुना पण चांगल्या आट्यांचा, आरपार भोकाचा नट उलटा लावा. शंकूची बाजू बाहेर, सपाट बाजू वायसरवर. हब फिरू नये म्हणून दुसऱ्या दोन स्टडमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) अडकवा. आता लांब दांडीच्या पान्याने सावकाश आवळा. आधी सारखा जोर लागत राहील, स्टड दातादाताने पुढे येईल, आणि डोकं फ्लँजला टेकलं की पाना एकदम जड होईल. थांबा. मागून बोट फिरवा, नाहीतर छोटा आरसा धरून बघा: डोकं चहूबाजूंनी टेकलेलं हवं, कागद जाईल एवढीही फट नको. नट आणि वायसर काढा आणि तो नट भंगारात टाका, त्याचे आटे ओढले गेलेले असतात.

हे काम गनने करू नका, आणि वायसरऐवजी चाकच लावून नटाने स्टड ओढून घेऊ नका. रस्त्याच्या कडेला सगळे तेच करतात. डोकं पूर्ण टेकायच्या आधीच नट आवळल्यासारखा लागतो, आणि पन्नास किलोमीटरनंतर डोकं सरकून टेकतं तेव्हा नट सैल झालेला असतो.

चाक चढवायच्या आधी रिमची भोकं तपासा. सैल चाक बरेच दिवस पळालं असेल तर भोक गोल न राहता लांबट होतं, नट बसायची शंकूची जागा ओरखडून निघते. अशी रिम नव्या स्टडलाही मारते. ती बाद करा, स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नका. रिम आणि डिस्क जिथे टेकतात तिथला गंज, रंगाचे पोपडे, चिखल काढा. त्या थराखाली नट आवळलेला वाटतो, थर दबला की सैल होतो. अलॉय बाहेरून घेतलेली असेल तर नटाची बैठक जुळते का बघा. होंडाच्या मूळ रिमला गोलाकार बैठकीचे नट लागतात, बाजारातल्या बऱ्याच अलॉयला शंकूचे. चुकीचा नट रिमला एका कडेवरच टेकतो.

आट्यांना ग्रीस लावायचं की नाही यावर दरवेळी भांडण होतं. कंपनीने सांगितलं नसेल तर लावू नका. तेलकट आट्यांवर त्याच 100 न्यूटन-मीटरला चार टनांऐवजी साडेपाच टनांपर्यंत ताण जाऊ शकतो. गंजाची भीती असेल तर हबच्या मधल्या उंचवट्याला, जिथे रिमचं मोठं भोक बसतं, तिथे ग्रीसचं पातळ बोट फिरवा.

नट सगळे हाताने, बोटांनी चढवा. रिमला टेकेपर्यंत फेरे मोजा: निदान स्टडच्या व्यासाएवढे आटे आत जायला हवेत, म्हणजे 1.25 च्या आट्यांना दहा फेरे, 1.5 च्यांना आठ. कमी भरले तर स्टड आखूड आहे, रिम जाड आहे किंवा कोणीतरी मध्ये स्पेसर (रिम बाहेर काढणारी चकती) घातलाय. मग समोरासमोरच्या जोडीने, पाच असतील तर एकाआड एक, आधी हलके, मग अर्ध्या जोराने, आणि गाडी जमिनीवर उतरवून शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर झाला की "कट" आवाज देणाऱ्या पान्याने. आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. छोट्या गाड्यांना तो साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरच्या मध्ये असतो. टॉर्क पाना नसेल तर नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर वीस किलोचा जोर म्हणजे 98 न्यूटन-मीटर. बाथरूममधला वजनकाटा हाताने दाबून वीस किलो म्हणजे किती ते एकदा अनुभवा, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ते कमी असतं.

हे सगळं स्टडच्या गाड्यांचं झालं. पोलो, रॅपिडसारख्या गाड्यांना स्टडच नसतात, चाक 14 मिलिमीटरच्या बोल्टने थेट हबच्या आट्यांत बसतं. तिथे बोल्ट गेला तर सुटलात, हबचे आटे गेले तर हबच. आणि कोणाकडे जुनी विलिस वळणाची जीप असेल तर डाव्या चाकांना उलटे आटे आहेत का ते आधी बघा. सोडवताना आवळत बसून चांगले स्टड तोडलेले लोक आहेत.

शेवटचं काम गाडी पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर. चाक थंड असताना टॉर्क पाना पुन्हा त्याच आकड्यावर लावा. नट किंचित हलून पाना बोलला तर ठीक, बैठक जमली. पाव फेरा किंवा जास्त फिरला तर नुसता आवळून सोडू नका. चाक काढा आणि त्या स्टडचं डोकं मागून पुन्हा बघा. बहुधा ते अजून टेकलेलं नसतं.